शेरीफच्या गस्तीचा पैसा

मिशिगन राज्यातल्या एखाद्या आडगावच्या सार्वजनिक ग्रंथालयात नवी पुस्तके येतात, तेव्हा त्यांतल्या काहींचे पैसे भरधाव गाडी हाकणाऱ्या कुणीतरी भरलेले असतात. ही थट्टा नव्हे, त्या राज्याच्या घटनेतली तरतूद आहे. १८३५ साली, म्हणजे मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती तेव्हा, मिशिगनच्या पहिल्या राज्यघटनेने दंडाची रक्कम ग्रंथालयांना बांधून दिली. पुढे घटना नव्याने लिहिल्या गेल्या, पण ही तरतूद टिकली. आजही राज्याच्या वाहन कायद्याखाली पावती फाडली, की तिच्यातला दंडाचा भाग ग्रंथालयांकडे जातो. पोलिसाच्या हाती त्यातले काही लागत नाही.

वाचकाला ही गोष्ट सुरेख वाटेल, आणि ती आहेच. पण लगेच पुढचा प्रश्न येतो. दंड पुस्तकांना गेला, तर रात्री दोन वाजता शेतांमधल्या अंधाऱ्या रस्त्यावर दिवे बंद करून उभ्या असलेल्या शेरीफच्या गाडीत पेट्रोल कोण घालतो? त्यातल्या डेप्युटीच्या, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाच्या, जादा तासांचा पगार कुठून येतो? अमेरिकेतल्या वाहतूक सुरक्षेची बरीचशी कहाणी या प्रश्नाच्या उत्तरात आहे. पैसा कोणत्या वाटेने येतो, यावर रस्त्यावर काय घडते हे पुष्कळ अंशी ठरते.

आधी शेरीफ कोण, ते पाहू. मुंबईकरांना हे पद नगरपाल म्हणून ठाऊक आहे. एखाद्या मान्यवराला दिलेला बिनअधिकाराचा मान. सुनील गावसकरांनीही तो भूषवला होता. अमेरिकेतला शेरीफ मात्र खराखुरा पोलीसप्रमुख असतो. देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, फक्त लोकसंख्येने बहुधा पुष्कळ लहान. बहुतेक काउंट्यांत शेरीफ लोकांनी निवडून दिलेला असतो. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आणि तितकेच शेरीफ, मुदत चार वर्षे. तुरुंग त्याच्याकडे, न्यायालयाचे हुकूम बजावणे त्याच्याकडे, आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या रस्त्यांवरची गस्तही त्याच्याकडे. सगळीकडे हीच विभागणी नाही. कॅलिफोर्नियात शहरांबाहेरच्या रस्त्यांची वाहतूक राज्याचे महामार्ग गस्तीदल सांभाळते. पण मध्यपश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या ग्रामीण पट्ट्यात रस्त्यावरचा कायदा म्हणजे शेरीफची गाडी.

आपल्या जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक गृहखाते नेमते आणि गृहखातेच बदलते. त्याला मते मागायची नसतात. शेरीफला मागावी लागतात, आणि ज्याला आज पावती द्यायची तोच नोव्हेंबरात मतपेटीपाशी उभा असतो. त्यामुळे ‘पावत्या फाडण्यात मला रस नाही, लोकांना सावध करण्यात आहे’ असे शेरीफ उठता बसता सांगतात. त्यात थोडा मतांचा हिशेब असतो हे उघड आहे. पण अडचण अशी, की शास्त्रही जवळपास तेच सांगते. त्याकडे पुढे येऊ.

शेरीफचे अंदाजपत्रक काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाच्या हातात असते, आणि मंडळाचा मुख्य पैसा मालमत्ता करातून येतो. तुरुंग चालवणे कायद्याने बंधनकारक आहे, गस्तीचे तसे नाही. कैद्यांना जेवण द्यावेच लागते. रस्त्यावरून गाडी फिरली नाही तर कुणी तक्रार घेऊन येत नाही. साहजिकच पैशाची चणचण भासली, की कात्री आधी गस्तीला लागते. मिशिगनमधल्या अनेक काउंट्यांनी यावर मतदारांपुढेच जाण्याचा मार्ग काढला: केवळ रस्ता गस्तीसाठी मालमत्ता करात वेगळी वाढ, ठराविक वर्षांपुरती, मतदानाने मंजूर. दुसरा मार्ग कंत्राटाचा. ज्या शहराला स्वतःचे पोलीसदल परवडत नाही किंवा नको असते, ते शेरीफकडून डेप्युटी अक्षरशः विकत घेते. ही पद्धत लॉस एंजेलिस काउंटीतल्या लेकवुड शहराने १९५४ मध्ये रूढ केली. मिशिगनच्या ओकलंड काउंटीत पॉन्टियाक शहराने २०११ मध्ये आपले पोलीसदल मोडून शेरीफशी करार केला. शेजारचे रॉचेस्टर हिल्सही असेच करारावर चालते. डेट्रॉइट परिसरातल्या वाहनउद्योगात काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबे या भागात राहतात. मुलाला शाळेत सोडताना ज्या गाडीचे निळे-लाल दिवे पाहून त्यांचा पाय ब्रेकवर जातो, ती शहराची नसून शहराने भाड्याने घेतलेली असते.

हे झाले शहराजवळचे. खरी पंचाईत आडरस्त्यांवर आहे. अमेरिकेच्या लोकसंख्येतले साधारण २० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात, पण रस्त्यावरच्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक तिथे होतात. कारणे समजण्यासारखी आहेत. रस्ता दोनपदरी, मध्ये दुभाजक नाही, वेग मात्र महामार्गाच्या जवळपास. सीटबेल्ट लावण्याची सवय शहरापेक्षा कमी. बारमधून घरी जायला बस नाही, टॅक्सी नाही. गाडी खड्ड्यात उलटली तर कुणाच्या नजरेस पडायला अर्धा तास, रुग्णवाहिका यायला आणखी अर्धा तास. आणि पोलीस दिसण्याची शक्यता जवळपास शून्य.

मिशिगनने १९७८ मध्ये नेमक्या या आडरस्त्यांसाठी कायदा केला. कायदा क्रमांक ४१६. त्याखाली राज्य सरकार प्रत्येक काउंटीच्या शेरीफला दुय्यम रस्त्यांच्या गस्तीसाठी पैसे देते. कामे नेमून दिलेली आहेत: वाहतुकीचे नियमन, अपघातांचा तपास, गस्तीत दिसलेल्या गुन्ह्याची दखल, अडलेल्याला मदत. या पैशावरचा डेप्युटी शहराच्या हद्दीत, त्या शहराने बोलावल्याशिवाय, फिरू शकत नाही. कायदा करणाऱ्यांना काउंटी मंडळांची चांगली ओळख असावी, कारण त्यांनी आणखी एक अट घातली: राज्याचे पैसे मिळतात म्हणून काउंटीने स्वतःचे गस्तीवाले कमी करायचे नाहीत. नाही तर झाले असते असे, की राज्याने दहा डेप्युटी दिले, काउंटीने आपले दहा काढले, आणि रस्ता होता तसाच राहिला.

सुरुवातीला हा पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून यायचा. तिजोरीवर ताण आला तसा १९९२ मध्ये वाहतुकीच्या बहुतेक पावत्यांवर ५ डॉलरचा अधिभार बसवण्यात आला. काही वर्षांनी तो १० डॉलर झाला आणि तिजोरीचा हिस्सा थांबला. इथे जरा थांबून काय घडले ते पाहा. १८३५ च्या घटनेने दंड आणि पोलीस यांच्यामध्ये एक भिंत बांधली होती. दंड पुस्तकांना, पोलीस वेगळा. १९९२ मध्ये भिंतीला हात न लावता तिच्या बाजूने एक पाट काढला गेला. तो दंड नाही, अधिभार आहे, म्हणून घटनेला धक्का नाही. पण गस्तीचा पगार आता पावत्यांच्या संख्येवर अवलंबून झाला.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. वर्षे गेली तशा राज्यातल्या पावत्या घटत गेल्या. शहरांनी पोलीस कमी केले, असलेल्यांना इतर कामे लागली. पावत्या कमी म्हणून निधी कमी, निधी कमी म्हणून डेप्युटी कमी, डेप्युटी कमी म्हणून पावत्या आणखी कमी. एखाद्या काउंटीत लोक खरोखरच शहाण्यासारखी गाडी चालवू लागले असते, तर त्या शहाणपणाची शिक्षा गस्तीला झाली असती. अलीकडच्या वर्षांत राज्याला पुन्हा आपल्या सर्वसाधारण तिजोरीत हात घालावा लागला. सुरक्षेचा खर्च बेशिस्तीच्या उत्पन्नावर टांगण्यातला वेडेपणा इतक्या सरळपणे दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

राज्य आणि काउंटी यांच्या वरचा तिसरा स्रोत वॉशिंग्टनमधून वाहतो. त्याची सुरुवात १९६६ ची. आदल्या वर्षी मोटारींतल्या धोक्यांवरचे राल्फ नेडर यांचे पुस्तक ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झाले होते आणि मोटारकंपन्यांची झोप उडाली होती. रस्त्यांवर वर्षाला पन्नास हजार माणसे मरत होती. ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन कायद्यांवर सही केली. एक गाड्यांच्या बनावटीसाठी, दुसरा रस्त्यांवरच्या सुरक्षेसाठी. या कामासाठी काढलेल्या कार्यालयाचे पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे वैद्यकीय डॉक्टर होते, सार्वजनिक आरोग्याचे. अपघात म्हणजे नशिबाचा फेरा नव्हे, तर साथीच्या रोगासारखा मोजता आणि रोखता येणारा प्रकार, ही दृष्टी त्यांनी सरकारात आणली. अपघाताआधी, अपघाताच्या क्षणी आणि अपघातानंतर काय काय बदलता येईल याचा त्यांनी मांडलेला तक्ता आजही शिकवला जातो. १९७० मध्ये त्या कार्यालयाचे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनात रूपांतर झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘निट्सा’ म्हणतात.

१९६६ च्या रस्ते सुरक्षेच्या कायद्यातून आलेले कलम ४०२ हे काउंटी शेरीफच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे. त्याखाली सध्या वर्षाला साधारण ३६ ते ४० कोटी डॉलर राज्यांना वाटले जातात. सूत्र सोपे: ७५ टक्के वाटणी लोकसंख्येप्रमाणे, २५ टक्के सार्वजनिक रस्त्यांच्या लांबीप्रमाणे. म्हणजे माणसे कमी आणि रस्ते लांबलचक असलेल्या राज्यांचीही आबाळ होत नाही. पैसा महामार्ग न्यासातून येतो, आणि न्यासाचा मुख्य आधार इंधनावरचा केंद्रीय कर. तो पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आहे आणि १९९३ पासून एका पैशानेही वाढलेला नाही, त्यामुळे न्यासाला अधूनमधून देशाच्या तिजोरीतून उसने नव्हे तर सरळ दान घ्यावे लागते. असो. राज्यांना मिळालेल्या रकमेतला किमान ४० टक्के भाग काउंटी, शहर अशा स्थानिक संस्थांसाठी खर्च झालाच पाहिजे, ही अट कायद्यातच आहे. ती नसती तर सगळे पैसे राज्याच्या राजधानीतच जिरले असते, असे मला वाटते. राजधान्या सगळीकडे सारख्याच.

प्रत्यक्षात हा पैसा शेरीफपर्यंत कसा पोहोचतो? प्रत्येक राज्यात राज्यपालाच्या वतीने एक महामार्ग सुरक्षा कार्यालय असते. मिशिगनमध्ये ते राज्य पोलीस खात्याचा भाग आहे. हे कार्यालय अपघातांचे आकडे चाळते: कोणत्या काउंटीत दारू पिऊन झालेले अपघात जास्त, कुठे सीटबेल्ट नसलेले मृत्यू जास्त, आठवड्यातला कोणता वार, कोणती वेळ. मग त्या काउंट्यांना जादा तासांच्या गस्तीसाठी अनुदान मंजूर होते. ‘जादा तास’ हा कळीचा शब्द आहे. डेप्युटीची नेहमीची पाळी या पैशातून भरता येत नाही. पाळी संपल्यावर, किंवा सुट्टीच्या दिवशी, तो वेगळ्या हजेरीवर फक्त वाहतुकीसाठी बाहेर पडतो. त्या वेळात घरफोडीचा कॉल आला तरी तो दुसऱ्याने घ्यायचा. शेरीफ आधी खर्च करतो, तासांचा हिशेब, थांबवलेल्या गाड्या, दिलेल्या पावत्या आणि तोंडी समज यांची नोंद पाठवतो, आणि मग पैसे परत मिळतात. गस्तीखेरीज रडार आणि लेझरची वेगमापक यंत्रे, श्वासातली दारू तपासणारी उपकरणे, रस्त्याकडेला उभा करून येणाऱ्याला त्याचाच वेग दाखवणारा फलकाचा ट्रेलर, नशा ओळखण्याचे प्रशिक्षण, असा खर्चही बसतो.

कागदावर हे चोख आहे. जमिनीवर अडचण माणसांची. ज्या काउंटीत एकूण आठ-दहा डेप्युटी आहेत, तिथे आधीच प्रत्येकजण जादा तास करून थकलेला असतो. अनुदान मंजूर आहे, पण घ्यायला हात नाहीत. त्यात या जादा गस्तीच्या मोहिमा नेमक्या सणासुदीला: मे अखेरचा स्मृतिदिन, सप्टेंबरचा कामगार दिन, नाताळ. सगळे जग अंगणात मांस भाजत बसलेले असताना यांनी चौकात उभे राहायचे. सगळ्यांत धोकादायक रस्ते ज्या लहान काउंट्यांत, त्यांनाच पैसे पूर्ण वापरता येत नाहीत.

आता मघाशी राहिलेल्या मुद्द्याकडे. पकडण्यापेक्षा सावध करणे महत्त्वाचे, असे शेरीफ म्हणतो तेव्हा तो फारसा चुकत का नाही?

नॉर्थ कॅरोलायनात सीटबेल्टचा कायदा १९८५ पासून होता. दंडही होता. तरी साधारण एक तृतीयांश चालक पट्टा लावत नव्हते. १९९३ मध्ये राज्यपाल जिम हंट यांच्या काळात तिथे एक मोहीम झाली: ‘क्लिक इट ऑर टिकेट’, पट्टा लावा नाहीतर पावती घ्या. कल्पना मूळची कॅनडातली, न्यूयॉर्कच्या एल्मायरा गावात आधी करून पाहिलेली. शंभरही काउंट्यांत तपासणी नाके लागले. पण नाक्यांइतकाच, किंबहुना जास्त, भर जाहिरातीवर होता. दूरचित्रवाणी, रेडिओ, फलक, सगळीकडे एकच संदेश, आणि तो ‘पट्ट्याने जीव वाचतो’ असा नव्हता. जीव वाचतो हे लोकांना ठाऊकच होते. संदेश होता, ‘या आठवड्यात तुम्ही पकडले जाल.’ पट्टा वापरणारे चालक सुमारे ६५ टक्क्यांवरून ८० च्या घरात गेले.

माणसाच्या स्वभावाचे हे निरीक्षण मला फार खरे वाटते. मृत्यू ही दूरची, दुसऱ्याची गोष्ट असते. दोन-चार हजारांचा भुर्दंड आणि रस्त्याकडेला गाडी थांबवून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा झेलणे ही उद्याची, स्वतःची गोष्ट असते. शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती होण्याची शक्यता किती वाटते, यावर वागणे बदलते. ‘वाटते’ हे महत्त्वाचे. म्हणून या प्रकाराला ठळक दिसणारी अंमलबजावणी म्हणतात. झुडपामागे लपून पन्नास जणांना पकडणारा डेप्युटी सुरक्षेसाठी तितका उपयोगी नाही. दिवे लावून, फलक लावून, वर्तमानपत्रात तारीख सांगून उभा राहणारा, आणि दोघांनाच पकडणारा, अधिक उपयोगी. पाच हजार गाड्या त्याला पाहून जातात आणि घरी जाऊन सांगतात.

२००३ पासून ही मोहीम देशभर एकाच वेळी, मे महिन्यात होते. कलम ४०२ चे पैसे घेणाऱ्या राज्यांना अशा राष्ट्रीय मोहिमांत भाग घ्यावाच लागतो. १९९४ मध्ये देशात पट्टा वापरण्याचे प्रमाण ५८ टक्के होते. २०२२ मध्ये ते ९१ टक्क्यांच्या पुढे होते. सगळे श्रेय मोहिमेचे नाही. या काळात अनेक राज्यांनी, मिशिगननेही २००० मध्ये, केवळ पट्टा नसल्याच्या कारणावरून गाडी थांबवण्याची मुभा पोलिसांना दिली. त्याआधी दुसरे काही कारण असेल तरच पट्ट्याचा दंड करता येई. पुढच्या सीटवरच्या माणसाचा मृत्यूचा धोका पट्ट्याने साधारण ४५ टक्क्यांनी कमी होतो. न्यू हॅम्पशायरमध्ये मात्र प्रौढांना पट्ट्याची सक्ती आजही नाही.

नॉर्थ कॅरोलायनाची आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती मिशिगनच्या ग्रंथालयांची चुलत बहीण आहे. त्या राज्याच्या घटनेनुसार दंडाची निव्वळ रक्कम काउंटीच्या सार्वजनिक शाळांना जाते. या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या काही शहरांनी सिग्नल तोडणाऱ्यांना टिपणारे कॅमेरे बसवले. २००५ मध्ये हाय पॉइंट शहराच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले, की हा दंडही शाळांचाच. कॅमेरा कंपनीचे बिल मग कशातून द्यायचे? एकामागून एक शहरांनी कॅमेरे बंद केले. ते सुरक्षेसाठी होते की उत्पन्नासाठी, याचे उत्तर त्या बंद करण्यातूनच मिळाले असे कुणी म्हटले, तर ते थोडे कठोर होईल, पण चुकीचे होणार नाही.

पैशाची वाट अडवली नाही तर काय होते, ते फ्लोरिडात दिसले. महामार्ग ३०१ वरचे वॉल्डो हे हजारएक वस्तीचे गाव. गावाच्या हद्दीत वेगमर्यादा पायरीपायरीने बदलायची आणि गावाचे पोलीस टपून बसायचे. वाहनचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९५ मध्ये चक्क रस्त्यावर फलक लावून चालकांना या गावाबद्दल सावध केले होते. अखेर २०१४ मध्ये वॉल्डोच्या पोलिसांनीच गावसभेत उभे राहून सांगितले, की आमच्यावर पावत्यांचा कोटा लादला जातो: बारा तासांच्या पाळीत बारा. त्या वर्षीच गावाचे पोलीसदल विसर्जित झाले आणि गस्त काउंटीच्या शेरीफकडे गेली. मिशिगनच्या वाहन कायद्यात पावत्यांच्या कोट्याला स्पष्ट मनाई आहे. पण पळवाट तिथेही आहे. राज्याच्या कायद्याऐवजी गावाच्या उपविधीखाली पावती फाडली, तर दंड ग्रंथालयाला न जाता स्थानिक तिजोरीत राहतो. गुन्हा तोच, रस्ता तोच, डेप्युटीने किंवा शिपायाने पावतीवर कोणते कलम लिहिले एवढाच फरक. बऱ्याच गावांनी वाहतुकीचे नियम उपविधी म्हणून जसेच्या तसे मंजूर करून घेतले आहेत ते उगाच नाही.

दारूच्या नाकाबंदीचा देशभरचा कायदाही एका काउंटीतूनच आला, आणि पुन्हा मिशिगनमधून. मे १९८६ मध्ये सॅगिनॉ काउंटीत राज्य पोलीस आणि शेरीफच्या माणसांनी मिळून पहिला नाका लावला. तो सव्वा तास चालला. १२६ गाड्या गेल्या, प्रत्येकीला सरासरी २५ सेकंद थांबावे लागले, दोघांना अटक झाली. त्यांतला एक तर न थांबता पळणारा. संशय नसताना प्रत्येकाला थांबवणे हा घटनेचा भंग आहे, असे म्हणून काही वाहनचालक न्यायालयात गेले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९० मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नाकाबंदी वैध ठरवली: २५ सेकंदांचा त्रास किरकोळ, दारूड्या चालकांचा धोका मोठा. अनेक राज्यांतल्या शेरीफांना त्यामुळे वाट मोकळी झाली. मिशिगनच्या शेरीफांना मात्र नाही. खटला राज्यात परतल्यावर १९९३ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की देशाच्या घटनेला चालत असेल, राज्याच्या घटनेला चालत नाही. जिथून परवानगी निघाली तिथेच ती लागू नाही. मिशिगनचे शेरीफ तेव्हापासून नाके लावत नाहीत. अनुदानाच्या पैशातून एकाच भागात एकाच रात्री पाच-सहा गाड्या फिरत्या ठेवतात आणि वाकडीतिकडी चालणारी गाडी शोधतात.

शेरीफच्या कामाची एक बाजू अशी आहे, की तिच्यात पावती नाही आणि वादही नाही. लहान मुलांच्या सीट. १९७८ मध्ये टेनेसी राज्यात मुलांना सुरक्षा सीटमध्ये बसवण्याची सक्ती करणारा पहिला कायदा लागू झाला. एका बालरोगतज्ज्ञाने, रॉबर्ट सँडर्स यांनी, तो चिकाटीने करून घेतला. आज सगळ्या राज्यांत तसे कायदे आहेत, पण सीट नीट बसवणे हे वाटते तितके सोपे नाही. पट्टा सैल राहतो, सीटचे तोंड वयापूर्वीच पुढे फिरवले जाते. म्हणून शेरीफच्या कचेरीच्या आवारात शनिवारी तपासणी असते. प्रशिक्षण घेतलेला डेप्युटी मागच्या सीटवर गुडघा टेकून, घाम गाळत, पट्टा ओढून दाखवतो. सीट परवडत नसेल त्यांना काही ठिकाणी ती अनुदानातून मिळते. भारतातून नातवंडासाठी गेलेल्या आजी-आजोबांना हा सोहळा अतिरेकी वाटतो. बाळ मांडीवर असले की झाले, अशी आपली समजूत. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर दहा किलोचे बाळ कुणाच्याही हातात राहू शकत नाही. ते बळ माणसाच्या दंडात नसते.

अनुदानाच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते ऐकून घेण्यासारखे आहेत. कोटा नसला, तरी परतफेडीच्या अर्जात तासाला किती गाड्या थांबवल्या हा रकाना असतोच. रकाना असला की तो भरावासा वाटतो. आणि गाडी थांबवणे ही काहींसाठी २५ सेकंदांची गैरसोय नसते. कोणत्या वर्णाच्या माणसाला किती वेळा थांबवले जाते, हा अमेरिकेतला जुना आणि जखमेचा प्रश्न आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांसाठी एक वेगळे अनुदान ठेवले, ज्यातून थांबवलेल्या चालकांच्या वंशाची नोंद ठेवता येते आणि ती लोकांसमोर मांडता येते. एका हाताने थांबवायला पैसे, दुसऱ्या हाताने कुणाला थांबवले ते मोजायला पैसे. मला हे विसंगत वाटत नाही. उलट दुसरे नसते तर पहिल्यावर विश्वास ठेवणे अवघड गेले असते.

२०२१ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर ४३ हजारांहून अधिक माणसे मेली, दीड दशकातला सर्वांत मोठा आकडा. महामारीत रस्ते मोकळे झाले, वेग वाढले, आणि पोलीसही कमी दिसू लागले. नंतर आकडा उतरू लागला. २०२३ मध्ये तो सुमारे ४१ हजार होता. त्याच २०२१ मध्ये मंजूर झालेल्या पायाभूत सुविधा कायद्याने शहरे आणि काउंट्या यांना थेट अर्ज करता येईल असा पाच वर्षांसाठी ५ अब्ज डॉलरचा नवा कार्यक्रम आणला. त्याचा भर मात्र पोलिसांपेक्षा रस्त्याच्या रचनेवर आहे: वळणे, चौक, पदपथ, वाहनांचा वेग आपोआप उतरवणारी बांधणी. याच कायद्याने कलम ४०२ मधला एक जुना निर्बंधही सैल केला. पूर्वी या पैशातून स्वयंचलित कॅमेऱ्यांवर खर्च करता येत नसे. आता शाळांच्या परिसरात आणि रस्ताकामाच्या पट्ट्यात करता येतो.

मिशिगनने २०२४ च्या अखेरीस रस्ताकामाच्या पट्ट्यात वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना मुभा दिली. पहिल्या चुकीला फक्त लेखी समज, दंड दुसरीपासून. या वेळी पैशाची वाट आधीच आखली आहे: रक्कम ग्रंथालयांकडे जात नाही आणि शेरीफकडेही नाही, ती रस्ताकामाच्या जागीच सुरक्षा वाढवण्यासाठी काढलेल्या स्वतंत्र निधीत जमा व्हायची आहे. चालक शहाणे झाले तर हा निधीही आटेल. पण आटला तरी कुणाचा पगार थांबणार नाही, एवढा धडा १० डॉलरच्या अधिभाराने दिलेला दिसतो.